दीड तासाची वजाबाकी

"दुबई किती लांब आहे रे?" हा प्रश्न आईने मला पहिल्यांदा विचारला तो १९९४ च्या जूनमध्ये. धाकटा भाऊ आदल्या रात्री सहारहून विमानात बसला होता. मी जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत वरच्या वर्गांना भूगोल शिकवणारा माणूस. नकाशावर पट्टी ठेवण्याची सवय जडलेली. मी ऐटीत सांगितले, "मुंबईपासून एकोणीसशे तीस किलोमीटरच्या आसपास."

"ते असू दे. पोचायला किती वेळ लागतो?"

"विमानाने तीन तास."

आई हसली. म्हणाली, "एवढंच ना? एसटीने पुण्याला जाऊन यायलाही तेवढे लागतात. मग तो दोन वर्षं येणार नाही असं कशाला म्हणतो?"

तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. दोन वर्षांचा करार, पासपोर्ट मालकाकडे, वर्षाची रजा साठवली तर तिकीट मिळणार, हे सगळे तिला सांगून काय उपयोग होता? पण तिने अंतराचे रूपांतर वेळेत केले ते मात्र मला मनोमन पटले. आमच्या मुळशीत अंतर कोणी मैलात मोजत नसे. कोठे जायचे तर भाकरी बांधून घ्यावी लागते की न्याहारी करून निघाले की दुपारच्या जेवणाला परत येता येते, एवढाच हिशेब. आणि हा हिशेब एकदा बसला म्हणजे कायमचा बसला, असेही नाही, हे आमच्या खोऱ्याला फार लवकर कळले होते.

मुळशीचे धरण टाटा कंपनीने विजेसाठी बांधायला घेतले, त्याविरुद्ध १९२१ मध्ये सत्याग्रह झाला, सेनापती बापटांनी त्यात तुरुंगवास भोगला, ही हकिगत पुस्तकात आहे. सत्याग्रह हरला. पाणी अडले, ते घाटाखाली भिऱ्याच्या वीजघरात उतरू लागले आणि मुंबईचे दिवे लागले. माझी आजी त्या वेळी लहान होती. ती सांगायची ती गोष्ट पुस्तकात नसे. तिची मावशी नदीपलीकडच्या गावात दिलेली. हाक मारली तर ऐकू जाईल इतके जवळ. सकाळी ताक द्यायला जावे आणि उन्हे चढायच्या आत परत यावे. पाणी भरले आणि तीच मावशी दिवसभराच्या वाटेवर गेली. जमीन हलली नाही, दोन्ही डोंगर होते तिथेच होते, पलीकडचा धूरसुद्धा दिसायचा. मध्ये होडी मिळाली तर ठीक, नाहीतर पाण्याच्या कडेकडेने वळसा. आजीच्या तोंडून हे ऐकत आई मोठी झाली. म्हणून किलोमीटरवर तिचा विश्वास नव्हता.

पुढे मुलांना शिकवताना मला याच गोष्टीचे मोठे रूप सापडले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून एका इंजिनाच्या चिमुकल्या पस मॉथ विमानात टपाल घेऊन निघाले आणि अहमदाबादला थांबून मुंबईला जुहूच्या मैदानावर उतरले. ज्या घराण्याच्या कंपनीने आमचे खोरे पाण्याखाली घातले त्याच घराण्यातला हा तरुण, याचे मला वर्गात सांगताना नेहमी नवल वाटे. अहमदाबादला विमानाचे इंधन डब्यांतून बैलगाडीने आणलेले होते. सकाळी साडेसहाच्या सुमारास निघालेले विमान दुपारी दोनच्या आत मुंबईत. कराची ते मुंबई हवेतून सरळ रेषेत नऊशे किलोमीटरही भरत नाही. आजचे जेट ते अंतर दीड तासात कापील. पण कापायला विमान हवे ना! मुंबईहून कराचीला आज थेट विमान नाही. कोणाला जायचेच झाले तर दुबईसारख्या ठिकाणी जाऊन तिथून परत पूर्वेकडे यायचे. ब्याण्णव-त्र्याण्णव वर्षांपूर्वी जेवणाच्या वेळेला पोचणारे टपाल आज अधिक वेळ घेईल. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले, तेव्हा इंडिगोला दिल्लीहून ताश्कंद आणि अल्माटीला जाणारी उड्डाणेही थांबवावी लागली. वळसा घालून तिथवर जाणे त्या विमानांच्या आवाक्यात नव्हते. शहरे जागच्या जागी. मध्ये पाणी भरले, एवढेच.

दुबईच्या बाबतीत नेमके उलटे घडले. एके काळी ताम्हिणी उतरून माणगाव-महाडकडची माणसे आखातात जात ती बोटीने. मुंबईहून सुटणाऱ्या बोटी कराची, मस्कत, दुबई, बहारीन, कुवेत अशी बंदरे घेत जात. प्रवास दिवसांचा असे, तासांचा नव्हे. त्यातली शेवटची 'द्वारका' १९८२ पर्यंत चालली. दुबईत १९६६ पर्यंत व्यवहारही रुपयातच होता, हे आजच्या मुलांना खरे वाटत नाही. मग विमाने वाढली. १९८५ मध्ये एमिरेट्स कंपनी सुरू झाली तेव्हा तिची पहिली उड्डाणे होती ती कराची आणि मुंबईची. दुबई सरकत सरकत इतकी जवळ आली की आज मुंबईपासून गुवाहाटी दुबईपेक्षा लांब आहे. मी हे सांगितले की गावात लोक मला वेड्यात काढतात. त्यांनी खुशाल नकाशावर दोरा ताणून बघावा. नकाशापेक्षा पृथ्वीच्या गोलावर बघितला तर अधिक चांगले.

आता हे तीन तास कुठून येतात ते पाहा. एकोणीसशे तीस किलोमीटर म्हणजे विमानवाल्यांच्या भाषेत एक हजार चाळीसच्या आसपास सागरी मैल. प्रवासी जेट वर गेल्यावर ताशी साडेआठशे किलोमीटरच्या घरात जाते. भागाकार केला तर सव्वादोन तास येतात. पण चढण्या-उतरण्यात वेग कमी असतो, धावपट्टीपर्यंत रांगेत सरकावे लागते, उतरतानाही मुंबईसारख्या गर्दीच्या ठिकाणी घिरट्या पडतात. शिवाय वेळापत्रकातली वेळ धरली जाते ती विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या टोकाला जागेवर लागेपर्यंत. आपल्या एसटीच्या वेळापत्रकात चहाचा थांबा धरलेला असतो, तसेच. म्हणून सव्वादोनाचे तीन होतात आणि कधी सव्वातीन.

तेही दोन्ही बाजूंना सारखे नाहीत. भावाच्या तिकिटावर जाण्याचा वेळ जास्त आणि येण्याचा कमी असे बहुतेक वेळा दिसायचे. मला आधी छापण्यातली चूक वाटली. पण कारण वाऱ्याचे आहे. हिवाळ्यात उत्तर भारतावरून दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा एक झोत वाहतो. त्याच्या मध्याशी वेग ताशी दीडशे-दोनशे किलोमीटरच्याही वर जातो, आणि त्याचा पदर आपल्या मार्गावरही पडतो. समोरून ताशी शंभर किलोमीटरचा वारा असेल तर साडेआठशेचे साडेसातशे होतात. तोच वारा पाठीशी असेल तर साडेनऊशे. एवढ्या अंतराला अर्ध्या तासाचा फरक सहज पडतो. पावसाळ्यात मात्र वरचा वारा उलटा फिरतो. दक्षिण भारतावर पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणारा झोत तयार होतो. त्याचा अभ्यास पी. कोटेश्वरम् या भारतीय हवामानशास्त्रज्ञांनी १९५८ मध्ये मांडला. खाली अरबी समुद्रावरून ढग आपल्याकडे धावत असतात आणि त्यांच्या डोक्यावर वारा अरबस्तानाकडे निघालेला असतो! हे मी वर्गात हातवारे करून सांगत असे. मुलांना फार आवडे.

वारा झाला. आता घड्याळ. आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची, दुबईची साठ अंशांची. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात, म्हणून फरक नव्वद मिनिटांचा. (मुंबई आणि दुबई या प्रत्यक्ष शहरांत सूर्याच्या हिशेबाने सत्तरच मिनिटांचा फरक आहे. वीस मिनिटे सरकारी सोयीची.) दुबईचे घड्याळ आपल्या दीड तास मागे. मुंबईहून पहाटे चारला निघालेले विमान सव्वातीन तास उडून तिथे पावणेसहाला उतरते. तिकिटावर दोनच आकडे असतात, चार आणि पावणेसहा, आणि ज्या गावाचा आकडा त्या गावाची वेळ. पाहणाऱ्याला वाटते, पावणेदोन तासांत पोचले. परतताना उलट. रात्री दहाला तिथून निघाले की इथे उतरायला अडीच वाजून जातात. वाटते, साडेचार तास लागले. जाताना वजाबाकी, येताना बेरीज. सातवीच्या मुलाने चुकवू नये इतके सोपे गणित. मी ते तीस वर्षे फळ्यावर मांडले.

आणि ज्या एका दिवशी ते चुकायला नको होते त्या दिवशी चुकवले.

२००३ चा ऑगस्ट. आठ दिवस पावसाने डोके वर काढू दिले नव्हते. आई महिनाभर अंथरुणाला खिळून होती. भाऊ जुलैत येऊन भेटून गेला होता आणि जाताना म्हणाला होता, "दादा, काही झालं तर माझ्यासाठी थांबा." आमच्याकडे बापाला थोरल्याने आणि आईला धाकट्याने अग्नी द्यायचा, अशी रीत आहे. त्याला तेच म्हणायचे होते. पहाटे पाचच्या सुमारास आई गेली. घरी फोन होता, तो नशिबाने चालू होता. मी त्याला कळवले. सातच्या सुमारास त्याचा फोन आला. आवाज फुटत नव्हता. "दादा, दहाच्या विमानात जागा मिळाली. निघतोय." एवढेच बोलून त्याने ठेवला. मोबाइल त्याच्याकडे होता, पण तो दुबईचा. इकडे चालणारा नव्हता. म्हणजे आता तो दारात उभा राहीपर्यंत बोलणे नाही.

अंगणात माणसे जमली होती. तात्या, म्हणजे आमच्या वडिलांचे चुलतभाऊ, मला म्हणाले, "गुरुजी, धाकला कवापर्यंत येईल ते नीट हिशेब करून सांगा. त्यावर पुढचं ठरवू."

मी ओसरीवर बसलो आणि बोटांवर हिशेब केला. दहाला निघणार. तीन तास. म्हणजे एक. दुबई दीड तास मागे, म्हणून दीड तास वजा. साडेअकरा. साडेअकराला मुंबईत. तास विमानतळावर, चार तास रस्त्याला. "साडेचारला येतो," मी सांगितले. मी भूगोलाचा मास्तर. कोणाला शंका येणार?

साडेचारला कोणी आले नाही. तिरडी बांधून तयार होती. पाच वाजले. ओढ्याला पाणी वाढत होते आणि आमच्या स्मशानभूमीला तेव्हा शेड नव्हती. चार पत्रे आणि बांबू आणून पोरांनी आडोसा उभा केला होता. साडेपाचला तात्या माझ्याजवळ येऊन बसले. "घाटात दरड आली असंल. आज येतो का उद्या, कुणी सांगावं? पाणी पुलावर आलं तर मग कुणालाच पलीकडं जाता येणार नाही." मी अजून अर्धा तास मागितला. त्यांनी दिला. सव्वासहाला मी अग्नी दिला. लाकडे ओली होती. रॉकेल, गोवऱ्या, घरातले तूप, सगळे लागले.

भाऊ पावणेनऊला आला. अंगणात दिवा ठेवलेला दिसला आणि तो पायरीवरच बसला.

त्याचे विमान सव्वादोनला उतरले होते. अगदी वेळेवर. ज्या साडेअकराला मी त्याला मुंबईत उतरवला होता, त्या साडेअकराला ते दुबईहून सुटत होते. त्याचे 'दहा' हे त्याच्या घड्याळाचे दहा होते आणि मी त्यात दीड तास मिळवण्याऐवजी वजा केला. मी खरी वेळ सांगितली असती तर तात्यांनी सकाळीच माणूस पाठवून पिरंगुटहून बर्फाच्या लाद्या आणवल्या असत्या आणि दुसऱ्या दिवशी पहाटे नेले असते. गावात तसे आधीही झाले होते. रस्ता, दरड, पाऊस यांच्यावर ढकलायला जागा होती आणि लोकांनी ती आपण होऊन ढकललीही. भाऊही घाटातल्या खोळंब्याबद्दल बोलत राहिला. खोळंबा झाला होताच. खंडाळ्याला एकाच रांगेने गाड्या सोडत होते. पण तो झाला नसता तरी साडेचारला तो गावात असणे शक्यच नव्हते. हे मला त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर कळले. उठून दिवा लावला, वहीत मांडले, तीनदा मांडले.

तेराव्यानंतर तो परत गेला. मी त्याला सांगितले नाही. सहा महिन्यांनी पत्रातून सांगितले. फोनवर तोंड उघडेना म्हणून पत्र. त्याचे उत्तर आले त्यात पगाराची, भाड्याची, नव्या साहेबाची हकिगत होती. त्या गोष्टीविषयी एक अक्षर नव्हते. पुढच्या सुटीत आला तेव्हाही नाही.

त्या दिवसाचा दुसराही एक हिशेब आहे, आणि तो करताना मला आईच्या पहिल्या प्रश्नाची आठवण होते. दुबईत विमान हलल्यापासून आमच्या पायरीपर्यंत त्याला सव्वानऊ तास लागले. त्यातले एकोणीसशे किलोमीटर पावणेतीन तासांत. उरलेले दीडशेच्या वर काही किलोमीटर साडेसहा तासांत. इमिग्रेशनची रांग, टॅक्सीसाठी घासाघीस, चेंबूरची कोंडी, खंडाळा, वाकड, हिंजवडी, घोटावडे. तीन तास म्हटल्यावर आई हसली होती, कारण ती आमच्या दारापासून मोजत होती. मी विमानतळापासून मोजत होतो.

आता पुष्कळ बदलले आहे. तेव्हा नुकते वाढू लागलेले हिंजवडी आज एक शहरच आहे, आणि ते आमच्याच मुळशी तालुक्यात मोडते हे तिथे काम करणाऱ्या कितीकांच्या गावीही नसते. तिथली पोरे टोकियोच्या सकाळी उठतात आणि लंडनच्या संध्याकाळी जेवतात. माझ्यासारखी चूक त्यांच्यातला कोणी करणार नाही, कारण गणित त्यांच्या खिशातला फोन करतो. पुण्याला लोहगावहूनही दुबईची विमाने सुटू लागली. इंडिगोने नोव्हेंबर २०२४ मध्ये तशी सेवा सुरू केली. मात्र आमच्या गावाहून लोहगाव म्हणजे सगळे पुणे आडवे ओलांडणे. चांदणी चौकाचा नवा पूल २०२३ मध्ये झाला म्हणून बरे, तरी भूगावच्या रांगेला अजून कोणी औषध शोधलेले नाही. नवी मुंबईच्या विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून विमाने उडू लागली. चेंबूरची कोंडी त्यामुळे टळेल. घाट आहे तिथेच आहे.

आणि आकाशाचेही सांगता येत नाही. १६ एप्रिल २०२४ ला दुबईत असा पाऊस झाला की धावपट्टीवर पाणी साचले आणि विमानतळाचा कारभार कोलमडला. मुळशीत तेवढा पाऊस श्रावणातल्या एखाद्या दिवशी पडून जातो आणि आम्ही त्याची नोंदही घेत नाही. जून २०२५ मध्ये इराणने कतारमधल्या अमेरिकन तळावर क्षेपणास्त्रे सोडली तेव्हा आखातातले आकाश काही तास बंद झाले, विमाने अर्ध्या वाटेवरून मागे फिरली. तीन तासांचे अंतर त्या रात्री किती झाले होते?

भाऊ २०१८ मध्ये कायमचा परत आला. शेजारीच घर बांधले. आता त्याचा मुलगा दुबईला आहे, वातानुकूलन यंत्रांच्या कामावर. गेल्या महिन्यात मुलाचा फोन आला तेव्हा भाऊ अंगणात होता, म्हणून मी घेतला. "मोठे काका, मी शनिवारी येतोय. आठची फ्लाइट आहे."

"आठ कुठले? तुझ्या घड्याळाचे की इथले?" मी विचारले. माझा आवाज जरा चढला असावा. पोर गोंधळले. "म्हणजे? तिकिटावर आठ आहे."

"सुटण्याची वेळ की उतरण्याची?"

मागून भाऊ आला. त्याने माझ्या हातातून फोन घेतला नाही, फक्त भिंतीवरच्या कालनिर्णयकडे बोट दाखवले. शनिवारच्या चौकोनात त्याच्या बारीक अक्षरात आधीच लिहिलेले होते: तिकडचे ८, इकडचे ९।।, उतरणार १२।, घरी ५. खाली एक रेघ आणि पुन्हा तेच आकडे, ताळा केल्यासारखे.

"मांडलंय मी, दादा," तो म्हणाला. "तू फक्त त्याला विचार, जेवून येणार आहे की इथं येऊन जेवणार."